घर उभे राहताना परसातले तळे जपायचे कसे

शिराळ्यात घर कधी बांधायला काढायचे, हे पाऊस ठरवतो. सांगली जिल्ह्याचा हा पश्चिमेकडचा तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. त्याच जिल्ह्यात पूर्वेला जत-आटपाडीचे लोक ढगांकडे डोळे लावून बसतात, आणि इथे वारणा-मोरणेच्या खोऱ्यांत भात पिकतो. म्हणून दिवाळी सरली की पायाची खोदाई काढायची आणि मृगाच्या आत स्लॅब टाकून मोकळे व्हायचे, अशी सगळ्यांची धडपड असते. या सहा-सात महिन्यांत घरमालकाचे लक्ष सिमेंटच्या भावावर, वाळूच्या खेपेवर आणि गवंड्याच्या हजेरीवर असते. परसात एखादे लहान तळे असेल, तर त्याची आठवण बहुधा मासे उलटे तरंगू लागल्यावरच होते.

तळे म्हणजे मोठेच हवे असे नाही. जुन्या वाड्यामागचा दगडी हौद, विटा-सिमेंटचे कमळतळे, किंवा शेततळ्याला वापरतात तसला प्लॅस्टिकचा कागद अंथरून केलेला बागेतला खड्डा, या सगळ्यांना हा लेख लागू आहे. 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि 2 फूट खोल तळे घेतले तर त्यात 120 घनफूट, म्हणजे साधारण 3,400 लिटर पाणी मावते. नदी किंवा धरण थोडी घाण पोटात घेऊन पुन्हा निवळते. 3,400 लिटरला ते जमत नाही. म्हणूनच ते आपल्याला जपावे लागते.

तळ्याला बांधकामाचा त्रास तीन वाटांनी पोहोचतो. पहिली वाट ओघळाची: उतारावरून वाहत येणारे पाणी. दुसरी वाऱ्याची: सिमेंट, पुट्टी आणि दगडाची धूळ. तिसरी हाताची: कोणीतरी घमेले, थापी नाहीतर ब्रश तळ्यात बुडवून धुतो. या तिन्ही वाटा पहिले खोरे पडण्याआधी बंद करता येतात. काम सुरू झाल्यावर बंद करायला गेलात तर खर्च दुप्पट होतो आणि उपयोग निम्मा.

सिमेंटचे पाणी मारते कसे

सिमेंटमध्ये पाणी पडले की त्यातून चुना मोकळा होतो. आपण पानाला लावतो त्या चुन्याची निवळी आणि ताज्या सिमेंटचे धुवण, दोन्हींचा गुण एकच. माती परीक्षणाच्या कागदावर शेतकऱ्याला ‘सामू’ हा शब्द भेटतो. तोच पाण्यालाही लागू आहे. सामू 7 म्हणजे पाणी आम्लही नाही आणि अल्कलीही नाही. बहुतेक माशांना साधारण 6.5 ते 8.5 एवढा सामू मानवतो. चुन्याच्या दाट निवळीचा सामू 12.4 च्या आसपास असतो. हा आकडा फसवा आहे, कारण सामूची एक पायरी म्हणजे दहा पट. 8 वरून 10 वर गेलेले पाणी थोडेसे नव्हे, शंभर पट अधिक अल्कली झालेले असते. असे पाणी माशांचे कल्ले भाजते.

दुसरा मारा याहून छुपा असतो. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो पाण्यात दोन रूपांत राहतो, एक बरेचसे निरुपद्रवी आणि दुसरे विषारी. 25 अंश तापमानाच्या पाण्यात सामू 7 असेल तर विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू 8 झाला की तो पाच टक्क्यांच्या घरात जातो. 9 वर गेला की एक तृतीयांशाच्या पुढे. म्हणजे कालपर्यंत ज्या पाण्यात मासे खुशाल होते, त्यातलाच अमोनिया सिमेंटच्या धुवणाने विष बनतो.

हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तीच हळद इथे कामाला येते. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू त्यातूनच तयार होते. हळद पाण्यात कालवून त्यात पांढरा शोषक कागद भिजवा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापून ठेवा. वाहून येणाऱ्या पाण्यात पट्टी बुडवली आणि ती तांबूस झाली, तर त्या पाण्यात सिमेंटचा चुना आहे असे समजावे. तळ्याचे पाणी मात्र सकाळी लवकर तपासा. शेवाळ असलेल्या तळ्याचा सामू दुपारच्या उन्हात आपसूक चढतो आणि पट्टी उगाच घाबरवते. नेमका आकडा हवा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात सामू मोजायच्या पट्ट्या मिळतात.

खोदाईच्या आधीचा आठवडा

पहिले काम उतार ओळखण्याचे. जिथे वाळू-खडी पडणार आणि मिक्सर लागणार, तिथे बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जाते ते पाहा. तळ्याकडे जात असेल तर ती जागा बदला. माल कालवायची जागा नेहमी तळ्याच्या खालच्या अंगाला हवी. जागेच्या अडचणीमुळे ते जमत नसेल, तर तळ्याच्या वरच्या अंगाला अर्धचंद्राकार चर खणा आणि निघालेली माती तळ्याच्या बाजूला टाकून फूटभर उंचीचा बांध घाला. शेतात बांधबंदिस्ती करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. चराचे तोंड तळ्याला वळसा घालून खाली काढा आणि तिथे एक खड्डा ठेवा, म्हणजे गाळ त्यात बसेल. चराच्या तोंडाशी वाळू भरलेली गोणपाटाची पोती रचली तर पाणी गाळून पुढे जाते.

हा बांध मुख्यतः वळवासाठी आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येते आणि अर्ध्या तासात अंगण वाहू लागते. तीन-चार महिने सांडलेले सिमेंट, पोत्यांची झटकन, मिक्सरखालचा राडा, सगळे त्या एका पावसात उताराला लागते. बांध नसेल तर ते सगळे थेट तळ्यात उतरते.

दुसरे काम कुंपणाचे. तळ्याच्या काठापासून तीन-चार फूट सोडून बांबूचा घट्ट कठडा करा. त्याचे मोठे कारण मासे नव्हेत. बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांची लहान मुले दिवसभर तिथेच खेळतात, आणि दीड फूट पाण्यातही लहान मूल बुडू शकते. कठडा मुलाला खालून सरकता येणार नाही असा असावा. पाळणा बांधायला सावलीची जागा तळ्यापासून दूर द्यावी.

तिसरे काम बोलण्याचे. ठेकेदाराशी लेखी करार करत असाल तर त्यात तळ्याविषयी दोन ओळी घाला: कठड्याच्या आत कोणी जाणार नाही, माल ठेवणार नाही, आणि अवजारे तळ्यात धुणार नाही. मग गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी यांना प्रत्यक्ष तळ्यापाशी नेऊन मासे दाखवा आणि सांगा. घमेले तळ्यात धुणारा माणूस वाईट नसतो. त्याला जवळचे पाणी दिसते, इतकेच. म्हणून जवळ दुसरे पाणी ठेवा: एक पिंप आणि एक मग. त्याशेजारी तीन फूट लांब-रुंद, दोन फूट खोल खड्डा खणून त्यात जाड प्लॅस्टिक अंथरा. अवजारे आणि मिक्सर तिथेच धुवायचे. खाली बसलेला राडा घट्ट झाला की फोडून भरावात टाकता येतो. वरचे पाणी उन्हात आटू द्या, ते कुठेही सोडू नका. पावसाची चिन्हे दिसली की खड्डा झाकून ठेवा.

मासे ठेवायचे की हलवायचे

तळे पायापासून लांब असेल आणि वरचा बांध पक्का असेल, तर मासे जागेवरच ठेवावेत. जागा बदलण्याचा ताण त्यांना सोसत नाही. पण पाया तळ्याला लागून जात असेल, तळ्यावर परांची येणार असेल किंवा तळ्याचीच दुरुस्ती असेल, तर हलवणे भाग आहे.

हलवायच्या आदल्या दिवशी माशांना खाद्य देऊ नका. सावलीत ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत निम्मे तळ्यातले आणि निम्मे विहिरीचे पाणी घ्या. नळाचे पाणी असेल तर ते किमान एक दिवस उघडे ठेवून अधूनमधून ढवळा, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जाईल. मासे पहाटे, थंड वेळी काढा. तळ्याच्याच पाण्याची बादली टाकीत 15-20 मिनिटे तरंगत ठेवा, तिच्यात टाकीचे पाणी थोडे थोडे घाला आणि मगच मासे सोडा. टाकीवर जाळी बांधा, नाहीतर पहिल्याच रात्री मासे उड्या मारून बाहेर पडतात.

मासे काढले म्हणून तळे विसरू नका. मासे नसलेल्या उघड्या पाण्यात डासांची अंडी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात. शिवाय बांधकामावर पिंपे आणि टाक्या भरलेल्या असतातच. म्हणून चार-सहा गप्पी मासे तळ्यात राहू द्यावेत आणि पिंपांसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा.

तळे रिकामे करून ठेवणे हा सोपा वाटणारा पण चुकीचा उपाय आहे. प्लॅस्टिकचा कागद उन्हात उघडा पडला की कडक होऊन फाटतो. दगडी हौदाचे दर्जे वाळून भेगाळतात. आणि पावसाळ्यात भूजल वर आले की रिकाम्या तळ्याचा तळ खालून उचलला जातो. भरलेल्या पाण्याचे वजन हीच तळाची ढाल असते.

पाया आणि वाळवीचे औषध

पाण्याने भरलेले तळे आपल्या भिंतींवर बाहेरच्या बाजूने रेटा देत असते. बाहेरची माती तो रेटा पेलते. पायाचा खड्डा जवळून गेला की हा आधार सुटतो. म्हणून पाया जितका खोल, निदान तितके अंतर तळ्याच्या भिंतीपासून सोडावे. पाच फूट खोल पायासाठी पाच फूट. काळ्या जमिनीत याहून जास्त. तेवढी जागा नसेल तर अभियंत्याला विचारून खड्डा एकदम न काढता तुकड्यातुकड्याने काढावा आणि बाजूला फळ्यांचा आधार द्यावा. जेसीबी तळ्याच्या काठाने फिरू देऊ नये.

खोदाईनंतर पाणी कमी होऊ लागले तर गळती आहे की उन्हाने आटते आहे, हे असे ओळखा. तळ्याच्या पायरीवर एक बादली ठेवून तीत तळ्याच्या पातळीइतके पाणी भरा. दोन्हीकडे खूण करा. दोन दिवसांनी बादलीपेक्षा तळ्यातली पातळी जास्त उतरली असेल, तर तळे गळते आहे.

पायाच्या खड्ड्यात रात्री एक तिरकी फळी टाकून ठेवा. वळवाचा पाऊस पडला की बेडूक पाण्याच्या शोधात निघतात आणि सरळ भिंतींच्या खड्ड्यात पडून अडकतात. फळी असली तर सकाळपर्यंत निघून जातात.

या टप्प्यावरचा सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. पायात आणि जोत्याच्या भरावात वाळवीचे औषध मारतात. आयएस 6313 या भारतीय मानकाप्रमाणे जोत्याखालच्या भरावाच्या दर चौरस मीटरला 5 लिटर द्रावण लागते, म्हणजे एका लहान घराला शेकडो लिटर. त्यात क्लोरपायरिफॉस, बायफेन्थ्रिन किंवा इमिडाक्लोप्रिड असते. पहिली दोन माशांना अगदी अल्प मात्रेतही घातक आहेत. तिसरे पाण्यातल्या किड्यांना, म्हणजे बेडकांच्या आणि माशांच्या अन्नाला मारते. म्हणून औषध मारायचा दिवस तुम्हाला आधी कळला पाहिजे. आभाळ भरलेले असताना मारू देऊ नका. तळ्याकडच्या बाजूला किती आणि कसे मारायचे, हे आधी ठरवा. विहीर जवळ असेल तर हा प्रश्न माशांपुरता राहत नाही, घरच्या पिण्याच्या पाण्याचा होतो. फवारणीचा पंप आणि रिकामे डबे तळ्यावर, ओढ्यावर किंवा विहिरीवर धुतले जाणार नाहीत, हे स्वतः उभे राहून पाहा.

स्लॅब, गिलावा आणि रंग

तळ्यावर आच्छादन हवे, पण ताडपत्री नको. पाण्याला वरून हवा लागते. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला तो 7.5 पर्यंत उतरतो. म्हणजे उन्हाळ्यात आधीच टंचाई, त्यात ताडपत्रीने कोंडले तर पहाटेपर्यंत मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकू लागतात. बांबूच्या सांगाड्यावर पाण्यापासून दीड-दोन फूट उंच हिरवी शेडनेट ताणा. ती धूळ बरीच अडवते, सावली देते आणि हवा खेळती ठेवते. परांचीच्या बाजूला विटेचा तुकडा पडण्याची भीती असेल तर तेवढ्या भागावर कामाच्या वेळेपुरती फळी टाका. तळ्याला गाळणीचा पंप असेल तर बांधकामाच्या विजेच्या खटपटीत तो बंद पडू देऊ नका. गाळणीत पाण्याची घाण पचवणारे सूक्ष्मजीव असतात, आणि पाणी फिरायचे थांबले की काही तासांत ते गुदमरतात.

स्लॅब पडल्यावर त्यावर बांध घालून पाणी साठवतात. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस ओल हवी असते. हे साठलेले पाणी नंतर एकदम सोडतात, आणि ते शुद्ध चुन्याची निवळी असते. ते कुठल्या कोपऱ्यातून सोडायचे हे स्लॅबच्या आधीच ठरवा. नव्या स्लॅबवरचे पहिले काही पाऊसही तळ्यात घेऊ नका. हळदीची पट्टी पिवळीच राहू लागली की मग पन्हळ तळ्याकडे वळवायला हरकत नाही.

गिलाव्यात आणि पुट्टी घासताना धूळ उडते. ते दिवस वाऱ्याचे नसतील असे पाहा, आणि तळ्याच्या बाजूची भिंत सकाळच्या शांत वेळी करून घ्या. फरशी कापण्याचे यंत्र तळ्यापासून दूर लावा. त्यातून निघणारा पांढरा लगदा माशांच्या कल्ल्यांत बसतो. काम संपताना फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरतात. इतके महिने सामू वर जाण्याची भीती होती, आता एका धुण्यात तो एकदम खाली येऊ शकतो. तेलरंग आणि थिनरचा तवंग पाण्यावर पसरला की हवेचा संबंध तुटतो, म्हणून ब्रश धुण्याचा डबाही वेगळा हवा.

इतके करूनही चूक झालीच, तर घाबरून पाण्यात लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड ओतू नका. अचानक उतरलेला सामूही माशांना मारतो. आधी येणारा ओघ थांबवा. मग तळ्यातले तिसरा हिस्सा पाणी काढून, आपल्या उदाहरणात सुमारे 1,100 लिटर, विहिरीचे किंवा मुरवलेले पाणी हळूहळू सोडा. पंप चालू ठेवा, नसेल तर पाणी उंचावरून बादलीने ओतत राहा. दुसऱ्या दिवशी तपासून गरज वाटली तर पुन्हा बदला.

बेडूक, दिवड आणि नाग

बत्तीस शिराळ्यात पाण्याविषयी बोलताना सापांना वगळून चालत नाही. नागपंचमीमुळे हे गाव देशभर ठाऊक झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आणि न्यायालयाच्या निर्बंधांमुळे नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याच्या जुन्या प्रथेला लगाम बसला. नागाचे रक्षण मात्र पंचमीच्या एका दिवसाचे काम नाही. तळ्यात बेडूक असतात, बेडकांमागे दिवड येते, आणि विटांच्या व फळ्यांच्या ढिगात उंदीर शिरले की त्यांच्यामागे धामण येते, नागही येतो. दिवड बिनविषारी आहे, पण पाण्यात फणा काढल्यासारखी मान उभारते आणि मार खाते.

म्हणून विटा, दगड आणि सेंट्रिंगच्या फळ्यांचे ढीग तळ्याला लागून रचू नका. ढीग हलवताना आधी काठीने ठोका, मग हात घाला. साप निघाला तर काम थांबवा, त्याला वाट द्या, आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. चावा झाला तर मांत्रिकाकडे न नेता थेट रुग्णालय गाठा.

तळे पुन्हा नांदते करताना

रंगकाम संपल्यावर दोन-तीन मोठे पाऊस जाऊ द्या. तळाचा सगळा गाळ एकदम उपसू नका. त्यात किड्यांची अंडी, कमळाचे कंद आणि पाणी निवळवणारे सूक्ष्मजीव असतात. एका वेळी तिसरा हिस्सा काढा. तळ्याला नवे सिमेंट लावले असेल तर पाणी भरा, काही दिवस ठेवा, काढा, पुन्हा भरा. हळदीची पट्टी पिवळी राहीपर्यंत हे करत राहा. मग आधी कुमुद-कमळ लावा, आठवडाभर चार गप्पी सोडून पाहा, आणि शेवटी बाकीचे मासे आणा. जास्तीचे गप्पी किंवा शोभेचे मासे ओढ्यात आणि वारणेत सोडू नका. तिथल्या मूळच्या माशांना ते जाचक ठरतात.

घराची आखणी करताना गवंडी सुतळी ताणतो आणि तिच्यावरून फक्की टाकतो. फक्की म्हणजे चुनाच, तेव्हा तळ्याभोवती ती नको. पण त्या दिवशी घराची सुतळी ताणण्याआधी, गवंड्यासमोर, पहिली सुतळी तळ्याभोवती ताणा. एवढे कराल तर पुढच्या मृगात नव्या घराच्या ओट्यावर बसून बेडकांचा आवाज ऐकाल.